टीव्हीशेजारची वही

मी पतसंस्थेत हिशेब लिहिते. बावीस वर्षं झाली. त्यामुळे घरातला कुठलाही खर्च माझ्या नजरेतून सुटत नाही, असा माझा समज होता. डिसेंबर २०२४ मध्ये डिशवाल्या कंपनीचा नेहमीचा मेसेज आला, ४६८ रुपये भरा नाहीतर परवापासून टीव्ही बंद. भरले. मग सहज जुने मेसेज वर सरकवत गेले, तर दोन वर्षांपूर्वी हेच ३३० होते. मधे कधी वाढले, कशासाठी वाढले, काही पत्ता नाही. दूध लिटरमागे दोन रुपयांनी महागलं तर आमच्याकडे दोन दिवस चर्चा चालते. इथे महिन्याला १३८ रुपये वाढले आणि कोणाच्या कपाळाला आठी नाही.

४६८ गुणिले १२ म्हणजे ५,६१६. शिवाय गावच्या घरी दुसरी डिश. आमचं घर चिंचवडला, पण सासू-सासरे वर्षातले सहाएक महिने कराडजवळ गावी असतात. सलग नाही, जत्रा, आंबे, गणपती असं धरून धरून. तिथलं रिचार्ज महिन्याला ३२०, सहा महिन्यांचे १,९२०. दोन्ही मिळून वर्षाचे ७,५३६ रुपये टीव्हीला. संस्थेत एखाद्या खात्यात असं सापडलं असतं तर मी मॅनेजरसाहेबांपुढे व्हाउचर मागितलं असतं. इथे व्हाउचर मागायचं कोणाकडे? म्हणून एक दोनशे पानी वही आणली, सुतळीने तिला पेन्सिल बांधली आणि टीव्हीशेजारी ठेवली. नियम एकच. जो जे बघेल त्याने चॅनेल आणि वेळ लिहायची.

नवऱ्याने पहिल्या दिवशी लिहिलं, "बातम्या, उगाच." अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, चॅनेलचं नाव न लिहिता नंबर लिहिले, कारण त्यांना नंबर पाठ आहेत. आईंची, म्हणजे सासूबाईंची, नोंद सगळ्यांत नीट. त्यांचं अक्षर शाळेतल्या फळ्यावर असावं तसं, आणि रोज तीच ओळ: "सायं. ७ ते ९.३०. मध्ये भाकरीसाठी उठले."

आठवड्याने बेरीज केली. पॅकमध्ये २०० च्या वर चॅनेल, आणि आमच्या घरात प्रत्यक्ष बघितलेले अकरा. त्यातले पाच बातम्यांचे किंवा दूरदर्शनचे, म्हणजे ज्यांचे वेगळे पैसेच पडत नाहीत असे. पैसे देऊन बघायचे सहा. उरलेल्या गर्दीत दोन चॅनेल असे निघाले की त्यांची भाषा कोणती यावर जेवताना वाद झाला.

आता थोडं गणित, कारण ते कळलं नाही तर पुढचं कळणार नाही. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायच्या, म्हणजे फोन-टीव्ही कंपन्यांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नव्या पद्धतीने टीव्हीचं बिल दोन भागांत मोडतं. एक भाग म्हणजे जोडणीचं भाडं, त्याला एनसीएफ म्हणतात. ते १३० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. सुरुवातीला एवढ्यात शंभर चॅनेल यायचे, २०२० पासून दोनशे झाले. दुसरा भाग म्हणजे तुम्ही निवडलेल्या पैशाच्या चॅनेलांची किंमत. जुलै २०२४ मध्ये ट्रायने त्या १३० रुपयांवरची मर्यादा काढून टाकली आणि आकडा कंपन्यांवर सोडला, पण माझ्या कंपनीत तो १३० च होता, म्हणून मी तेवढाच धरला.

खरी गंमत दुसऱ्या भागात आहे. चॅनेल सुटाही मिळतो आणि गठ्ठ्यातही मिळतो. गठ्ठ्यात घालायचा तर त्याची सुटी किंमत १९ रुपयांच्या वर नको, म्हणून बरेचसे चालणारे चॅनेल बरोबर १९ वर येऊन बसलेत. आणि गठ्ठा घेतला तर सुट्या किमतींच्या बेरजेवर ४५ टक्क्यांपर्यंत सूट देता येते. म्हणजे मंडईत जसं "ताई, एक जुडी वीसला, तीन घ्या चाळीसला" असतं तसं. आपल्याला हवी असते एकच, पण तीन आणतो आणि दोन फ्रीजमध्ये काळ्या पडतात. माझ्या बाबतीत एका समूहाचे तीन मराठी-हिंदी चॅनेल सुटे घेण्यापेक्षा त्यांचा छोटा गठ्ठा स्वस्त पडला, आणि दुसऱ्या समूहाचा एकच हवा होता, तो सुटा. असं एकेक जोडत सगळे चॅनेल बरोबर १०० रुपयांत बसवले. त्यावर १८ रुपये जीएसटी. एनसीएफ धरून २७१ रुपये ४० पैसे.

कागदावर हे दहा मिनिटांत झालं. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये करायला दोन संध्याकाळी गेल्या. "तुमच्यासाठी खास पॅक" असं लिहिलेली मोठाली चित्रं, आणि स्वतःचा पॅक बनवायची ओळ सगळ्यांत खाली, बारीक राखाडी अक्षरांत. मी एक चॅनेल काढला की अ‍ॅप विचारी, "नक्की?" हो म्हटलं की दुसरा पॅक दाखवी. शेवटी फोन केला. पलीकडची मुलगी गोड होती, तिने मला तीनदा ४९९ चा पॅक सुचवला. चौथ्यांदा मी म्हटलं, "अगं, मी पण दिवसभर काउंटरवर बसून लोकांना आवर्त ठेव सुचवते. तुझं काम मला कळतं. पण लिहून घे." मग तिने निमूटपणे एकेक नंबर घेतला.

चिंचवडचं असं झालं. गावचं वेगळं. तिथे रिचार्ज पूर्णच बंद करायचं माझ्या डोक्यात होतं, आणि त्याला उत्तर म्हणजे डीडी फ्री डिश. दूरदर्शनची ही छत्री डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. एकदा छत्री आणि डबा, म्हणजे सेट-टॉप बॉक्स, घ्यायचा, नंतर महिन्याला शून्य. गावाकडे अर्ध्या पत्र्यांवर तीच दिसते, पण आमच्याकडे "आपल्याला काय कमी आहे" म्हणून कोणी विचार केला नव्हता.

जानेवारीच्या शेवटी कराडला बाजारपेठेतून डबा घेतला. छत्री जुनीच वापरायची, तिच्या पुढचा एलएनबी, म्हणजे सिग्नल पकडणारा तुकडा, नवा टाकायचा, वायर आणि फिटिंग, सगळं मिळून १,७५० रुपये. फिटिंगला आलेला पोरगा एकोणीस-वीस वर्षांचा. त्याने पत्र्यावर चढण्याआधी अंगणात उभं राहून मोबाइलमधलं होकायंत्र काढलं, आग्नेयेला हात केला आणि म्हणाला, "काकी, तकडं मोकळं पायजे." त्या बाजूला शेजाऱ्यांचा नारळ. आई लगेच म्हणाल्या, "त्याला हात लावायचा नाही." पोरगा हसला. "न्हाय वो आजी, वरनं जातंय. लय उंच बघायचंय." खरंच होतं. फ्री डिशचा उपग्रह, जीसॅट-१५, विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्वेला उभा असतो. आपल्या भागातून तो आग्नेयेला दिसतो, आणि क्षितिजापासून जवळजवळ साठ अंश वर. नारळाचा शेंडा चाळीसच्या खालीच राहिला.

मग सुरू झालं ते मी लहानपणी सांगलीला बघितलेलं नाटक. तेव्हा गच्चीवर अँटेना, जिन्यात एक जण, टीव्हीसमोर एक जण, आणि "आलं का?", "मुंग्या!", "आलं, आलं, सोड हात!" आता मुंग्या नाहीत. आता पडद्यावर दोन पट्ट्या असतात, एक सिग्नलची आणि एक क्वालिटीची. पहिली पट्टी भरलेली आणि दुसरी शून्य. अण्णा खुर्चीत बसून आकडे ओरडत होते, मी दारात उभी राहून ते वर पोचवत होते. पोराने छत्री बोटभर फिरवली, शून्य. अजून बोटभर, शून्य. मग त्याने मागचा नट सैल केला, छत्री किंचित आकाशाकडे उचलली आणि अण्णा एकदम उभे राहिले, "बासष्ट! बासष्ट! सोड रे सोड, हात काढ!" जवळजवळ छत्तीस हजार किलोमीटरवरून येणारी गोष्ट बोटभर हलवली तर हरवते, याचं मला अजूनही नवल वाटतं. त्या पोराला काहीच वाटलं नाही. तो चहा पिऊन पुढच्या घरी गेला.

फ्री डिशवर काय मिळतं हे आधीच सांगायला हवं, नाहीतर शिव्या बसतील. सह्याद्री मिळतं. दूरदर्शनचे बाकीचे चॅनेल, बातम्या, जुने सिनेमे, भक्तिगीतं, हिंदी बरंच. खासगी चॅनेलांना तिथे जागा लिलावात घ्यावी लागते, त्यामुळे यादी बदलत राहते. एप्रिल २०२२ मध्ये मोठ्या समूहांनी आपले हिंदी मनोरंजनाचे चॅनेल एकदम काढून घेतले होते, तेव्हा गावोगावी लोक डबे उघडून बघत होते म्हणे, बिघडलं काय म्हणून. आणि ज्या मराठी मालिकांवर संध्याकाळी सातनंतर महाराष्ट्र चालतो, त्या रोजच्या रोज ताज्या तिथे मिळत नाहीत. दुकानदाराने हे मला सांगितलं होतं. मी ते आईंना सांगितलं नव्हतं.

अण्णांचं मात्र सोनं झालं. २००७ च्या कायद्याप्रमाणे भारताच्या पुरुष संघाच्या एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेला, द्यावंच लागतं, मग हक्क कोणाकडेही असोत. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात एक फाटा ठेवला. ते सामने दूरदर्शनला फक्त स्वतःच्या टॉवरवरून आणि फ्री डिशवरूनच दाखवता येतात, खासगी डिश किंवा केबलवर नाही. म्हणून चिंचवडला सामन्याच्या वेळी डीडी स्पोर्ट्स लावला तर अण्णांच्या हाती काही लागत नाही, आणि गावी तोच चॅनेल, फुकट, अख्खा सामना. अण्णांना यातला न्यायालयाचा भाग इतका आवडला की ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत बसले.

९ फेब्रुवारी २०२५, रविवार, कटकला इंग्लंडविरुद्धचा सामना. भारताची फलंदाजी सुरू झाली नि थोड्या वेळात तिथल्या मैदानावरचे दिवेच गेले. खेळाडू आत. अण्णांचा मला फोन, "तुझा डबा गेला." मी म्हटलं, चित्र दिसतंय का? "दिसतंय, पण अंधार आहे." मग त्यांनाच समालोचनातून उलगडा झाला. अर्ध्या तासाने पुन्हा फोन, आवाजात आनंद मावत नव्हता, "अगं, लाइट तिकडची गेली! आपली आहे!" आमच्या गावाच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडत असावं. रोहितने त्या दिवशी ९० चेंडूंत ११९ केले, त्याचा तिसरा फोन.

आयपीएल मात्र त्या कायद्यात बसत नाही. मुलाच्या मोबाइल रिचार्जबरोबर एका अ‍ॅपचा फोनपुरता प्लॅन आला होता, तो अण्णांना देऊन बघितला. सहा इंचांच्या पडद्यात त्यांना चेंडू दिसेना, आणि तो प्लॅन टीव्हीवर चालत नाही. मग मार्चमध्ये वर्षाचे ८९९ भरून टीव्हीवर चालणारा घेतला. जिओसिनेमा आणि हॉटस्टार फेब्रुवारीत एक झाले होते, त्यांचाच. माझा डाव असा की क्रिकेटबरोबर त्यावर आईंच्या निम्म्या मालिकाही मिळतात. दुसऱ्या निम्म्यांसाठी आणखी एक अ‍ॅप घेतलं की चिंचवडची डिशच काढून टाकता येईल, २७१ चेही शून्य.

आणि इथे माझी सगळी हुशारी आईंनी एका वाक्यात जमिनीवर आणली. मी त्यांना दाखवलं, हे बघा, तुम्ही कधीही बघू शकता. दुपारी बघा, रात्री बघा, जाहिराती पण कमी. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मालिका साडेसातला लागते. कधीही लागली तर ती मालिका कसली, ती कॅसेट झाली."

मी हसले, पण त्यांचं म्हणणं पुढच्या आठवड्यात पटलं. सकाळी बागेत पाचजणी बसतात. काल काय झालं ते सगळ्यांनी काल एकाच वेळी बघितलेलं असतं, म्हणून बोलता येतं. एकीने दुपारी अ‍ॅपवर आधीच बघून ठेवलं आणि सांगून टाकलं, तिच्याशी दोन दिवस कोणी बोललं नाही म्हणे. तर डिश राहिली. २७१ रुपये ४० पैसे, दर महिन्याला, आईंच्या साडेसातसाठी.

ते दुसरं अ‍ॅप मी महिन्याभरासाठी घेऊन बघितलंच, नाव सांगत नाही. ज्या मालिकेसाठी घेतलं ती तीन आठवड्यांत संपली. पैसे मात्र पुढच्या महिन्यातही गेले, कारण यूपीआय ऑटोपे सुरू राहिलं होतं. पैसे कापण्याच्या निदान चोवीस तास आधी सूचना यायला हवी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि सूचना आलीही होती. इतर चाळीस मेसेजांच्या खाली. अ‍ॅप काढून टाकलं म्हणजे वर्गणी थांबत नाही, हे मी रोज खातेदारांना वेगळ्या शब्दांत सांगते. यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ऑटोपेची नोंद स्वतः रद्द करावी लागते. ९९ रुपये किरकोळ तोटा खाती टाकले, वार्षिक हिशेबात धरत नाही.

बातम्यांसाठी यूट्यूब पुरतं, बहुतेक मराठी वाहिन्या तिथे लाइव्ह असतात. प्रसार भारतीचं वेव्हज नावाचं अ‍ॅप आहे, नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात सुरू झालेलं, त्यावर दूरदर्शनचे चॅनेल आणि जुने कार्यक्रम मिळतात. एकदा आई रिमोटवरचं माइकचं बटण दाबून स्पष्ट मराठीत म्हणाल्या, "सह्याद्री लाव." टीव्हीने हरिश्चंद्रगडावरचा पाऊस लावला. त्यांनी वीस मिनिटं बघितला. वहीत लिहिलं, "डोंगर. छान."

आमच्या मजल्यावरच्या एकाने "काकू, सगळं फुकट" म्हणून एक एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून टाकायचं अ‍ॅप, पाठवली होती. ज्या फोनवर आईंच्या पेन्शनचा ओटीपी येतो त्या फोनवर अनोळखी फाइल? मी ती पुसली आणि त्यालाही पुसायला लावली.

तर २०२५ चा हिशेब. चिंचवड, २७१.४० गुणिले १२, म्हणजे ३,२५६.८०. अ‍ॅप ८९९. एकूण ४,१५५.८०. आधीच्या ७,५३६ मधून वजा केले की ३,३८०.२०. पहिल्या वर्षी गावच्या डब्याचे १,७५० गेले, तेव्हा निव्वळ बचत १,६३०.२०. नवऱ्याने लगेच आक्षेप घेतला, "इंटरनेटचे पैसे कुठे धरलेस?" मी म्हटलं, ते मुलाच्या क्लाससाठी आधीपासून आहे. "अच्छा, म्हणजे पतसंस्थेत पण असंच चालतं." दोन दिवस त्याला चहा स्वतः करावा लागला.

हा हिशेब मी जानेवारीत मांडला. परवा गावी गेले तेव्हा तिथल्या कपाटात तशीच दुसरी वही सापडली. मी ठेवलेली नव्हती. आईंनी स्वतःच सुरू केलेली. गावी मालिका लागत नाहीत हे त्यांना पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं, आणि त्या मला एका शब्दाने बोलल्या नव्हत्या. नारळवाल्या शेजाऱ्यांकडे, आक्कांकडे, पूर्ण पॅकची डिश आहे. आई रोज सातला तिकडे जातात, साडेनऊला परत. वाटीत कधी भाजलेले शेंगदाणे, कधी लसणाची चटणी. अण्णा इकडे डीडी स्पोर्ट्सवर जुने सामने बघत बसतात. हे सगळं अण्णांना माहीत, शेजाऱ्यांना माहीत, नवऱ्यालासुद्धा माहीत.

वहीत त्याच फळ्यावरच्या अक्षरात ओळी होत्या. "सायं. ७ ते ९.३०, आक्कांकडे." पान उलटलं की तेच. आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला एक वेगळी ओळ, खाली रेघ मारलेली: "आक्का, रिचार्ज, माझा निम्मा वाटा, रु. १५०."

सहा वेळा. नऊशे रुपये, त्यांच्या पेन्शनमधून. मी विचारलं, "आई, मला का नाही सांगितलंत?" म्हणाल्या, "तू एवढी खूश होतीस."

पेन्सिल घेऊन मी १,६३०.२० खोडलं आणि खाली ७३०.२० लिहिलं. आईंनी चष्मा लावून वजाबाकी तपासली आणि सात वाजत आले म्हणून वाटी घेऊन निघाल्या.